पैसे देऊन चिखल

थायलंडच्या खेड्यात रिसॉर्ट काढायला फारसं भांडवल लागत नाही. शेताच्या कडेला ओळीने पाच-सहा खोल्या बांधायच्या, प्रत्येकीत एक एसी आणि एक बुटका फ्रिज ठेवायचा आणि अंगणात सिमेंटचा एखादा प्राणी उभा करायचा. प्राणी त्या देशातला नसावा, एवढी एकच अट असावी. आमच्या रिसॉर्टच्या वाट्याला जिराफ आला होता. हत्तींच्या देशात जिराफ कशाला, असं विचारायचं नाही. तो भाताच्या खाचरांकडे पाठ करून रस्त्यावरच्या गाड्या बघत उभा असतो आणि रात्री त्याच्या शिंगांमधला निळा दिवा लागतो. भाडं रात्रीचं ९०० बाट, म्हणजे अडीच हजार रुपयांच्या आतबाहेर. त्यात जिराफ धरलेला आहे.

गाव नान प्रांतातल्या पुआ तालुक्यातलं. नान म्हणजे थायलंडच्या उत्तरेचा लाओसला टेकलेला कोपरा. बँकॉकपासून साधारण पावणेसातशे किलोमीटर. रेल्वे तिथवर पोचलेलीच नाही. रात्रभर बसमध्ये बसायचं, नाहीतर विमानाने नान शहरात उतरायचं आणि पुढे साठेक किलोमीटर गाडीने जायचं. मराठी माणसाचं थायलंड बँकॉक, पट्टाया, फुकेत आणि क्राबी एवढ्यात संपतं, आणि त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही, कारण तिथे दुपारी वरणभात मिळतो. २०२३च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना व्हिसा लागेनासा झाला, तेव्हापासून ठाण्यातली आमची निम्मी सोसायटी जाऊन आली. आल्यावर सगळे म्हणतात, "काय गर्दी हो तिथे!" त्या गर्दीत आपणही होतो हे कोणी धरत नाही. माझ्या नवऱ्याला गर्दी नको होती, शांतता हवी होती. शांततेचा फोटो त्याला फोनवर सापडला होता: लाकडी सज्जा, कठड्यावर कॉफीचा कप, कपातून वाफ आणि समोर डोंगरापर्यंत हिरवंगार भात.

इथे थोडी घरगुती माहिती द्यायला हवी. नवऱ्याचं गाव सिंधुदुर्गात. तिथे त्याच्या वाटणीचे भाताचे कुणगे आहेत आणि त्यांत कित्येक वर्षांत लावणी झालेली नाही. पावसाळ्यात गावी जाऊ या म्हटलं की त्याला घाटातल्या दरडी आठवतात, लाइट जाते, डास असतात आणि नेमकी रजा नसते. असा हा माणूस ऑगस्टच्या भर पावसात, दोन विमानं बदलून, भात बघायला निघाला. सासूबाईंनी तो फोटो आधी जवळ धरला, मग लांब धरला आणि म्हणाल्या, "आमच्या कुणग्यात गवत वाढलां हा, आणि ह्यो थंय पैशे देवन चिखल बघूक जाता!" तरी त्या आल्या. ठाण्यात एकटं बसण्यापेक्षा मुलाचं काय चाललंय ते प्रत्यक्ष बघावं, असा विचार त्यांनी केला असावा. येताना भाजणीचा डबा, लिंबाचं लोणचं आणि श्रावण बरोबर घेऊन आल्या.

रिसॉर्टचा स्वागतकक्ष म्हणजे एक टेबल. टेबलावर घंटी आणि घंटीवर मांजर. बऱ्याच वेळाने मालकीणबाई स्कूटरवरून आल्या, अंगात प्लास्टिकचा रेनकोट, पोटरीपर्यंत चिखल. त्यांनी हात जोडले, किल्ली दिली, पासपोर्टचा फोटो काढला आणि पुन्हा स्कूटरवर बसून गेल्या. त्यांची शेती आहे, बाजारात किराणा दुकान आहे, डुकरं आहेत, नातू आहे. रिसॉर्ट यानंतर येतं. अशा ठिकाणी उतरणाऱ्याने हा क्रम पहिल्याच दिवशी लक्षात घ्यावा, म्हणजे घंटी वाजवण्याचे कष्ट वाचतात. मांजरालाही ते आवडत नाही.

खोलीबद्दल खरं सांगायचं तर स्वच्छ. डोळ्यात भरेल इतकी स्वच्छ. चपला बाहेर काढायच्या, पलंगावर टॉवेलांचे दोन हंस चोच जुळवून बसलेले, कपाटात छत्री. न्हाणीघरात कमोडशेजारी पाण्याची पिचकारी होती आणि ती बघून आम्हा तिघांच्या चेहऱ्यांवर जे समाधान आलं, त्याची सर डोंगराच्या देखाव्याला नंतर आली नाही. युरोपात आठ-आठ दिवस काढलेल्या भारतीयालाच ते कळेल. पण शॉवर आणि कमोड यांच्यामध्ये काही आडोसा नव्हता, त्यामुळे एकाने आंघोळ केली की पुढचे दोन तास बाकीच्यांनी पाय जपून टाकायचे. गादी ही गादीच्या आकाराची लाकडी वस्तू होती. अंगावर घ्यायला एकच जाडजूड दुलई. ती घेतली तर उकडतं, काढली तर डास. मधलं काही त्यांच्याकडे नसतं.

पडद्यावर एक जोडपं छापलेलं होतं. अंगभर गोंदलेला पुरुष बाईच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या कानात काहीतरी सांगतो आहे. नान शहरात वाट फुमिन नावाचं देऊळ आहे, सोळाव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं. चारी दिशांना तोंड करून बसलेले चार बुद्ध, आणि दोन भले थोरले नाग आख्खं देऊळ पाठीवर घेऊन निघाल्यासारखे. आतल्या भिंती एकोणिसाव्या शतकात रंगवलेल्या. त्यातलंच हे कुजबुजणारं जोडपं. भिंतीवर ते फार सुंदर आहे. पण नान प्रांताने ते टी-शर्टवर, कपांवर, उशांवर, पंख्यांवर आणि बसथांब्यांवर काढून ठेवलंय. न्हाणीघराच्या पडद्यावरही ते भेटल्यावर तो तिला काय सांगत असेल याविषयीचं माझं कुतूहल संपलं.

सासूबाई मात्र अंगणात गेल्या होत्या. तिथे खांबावर एक छोटं रंगीत देवळासारखं घर होतं, आत इवल्या मूर्ती, फुलांची माळ, उदबत्त्या आणि लाल फँटाची बाटली, झाकण काढून, स्ट्रॉ घालून ठेवलेली. थायलंडमध्ये घर, हॉटेल, बँक, पेट्रोलपंप, काहीही बांधलं की त्या जमिनीच्या राखणदारासाठी असं वेगळं घर बांधतात आणि त्याला रोज खाऊपिऊ घालतात. लाल फँटा त्याचं आवडतं पेय. सासूबाईंना हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी चपला काढल्या, नमस्कार केला आणि आम्हाला सांगितलं, "हंय जागेवालो आसा मगे. आता काय घाबरूचा नाय." त्या क्षणापासून त्यांच्या लेखी हे रिसॉर्ट चांगल्या घरातलं ठरलं. गाऱ्हाणंही त्यांनी मालवणीत घातलं. राखणदाराला भाषेची अडचण आली नसावी, कारण त्या मुक्कामात फक्त त्यांनाच डास चावले नाहीत.

आता शांततेबद्दल.

संध्याकाळी पाऊस थांबला आणि बेडकांनी सुरुवात केली. एक डराव नव्हे. लहान बेडकांचा किणकिणाट, मध्यमांचा टरटराट आणि मधूनच कुठून तरी रेड्याने हंबरावं तसा एका खर्जातल्या गृहस्थाचा आवाज. त्यावर रातकिडे. मग दिव्याभोवती पंखवाली वाळवी जमली, हजारोंनी, आणि मालकीणबाईंच्या नातवाने येऊन आमचा सज्ज्यातला दिवा बंद केला आणि खाली पाण्याची परात ठेवून तिच्यावर एक बल्ब सोडला. सकाळी ती परात भरलेली होती. ती नंतर कुठे गेली हे मी विचारलं नाही. नाश्त्याला तळलेलं काय आहे हेही विचारलं नाही.

रात्री अकराच्या सुमाराला छतातून आवाज आला. आधी घशातल्या घशात चावी दिल्यासारखी घरघर, आणि मग स्पष्ट, मोठ्याने, माणसाच्या आवाजात: तुक्-के! तुक्-के! तुक्-के! नवरा उठून बसला. हा तुक्के म्हणजे फूटभर लांबीची पाल, राखाडी-निळी, अंगावर नारिंगी ठिपके. ती कोणाच्या अंगावर येत नाही, झुरळं खाते, घरात असणं चांगलंच. हे सगळं दिवसा वाचायला ठीक आहे. शेजारच्या पलंगावरून सासूबाईंचा शांत आवाज आला, "कृष्ण कृष्ण." आपल्याकडे पाल चुकचुकली की तसं म्हणायची रीत आहे, पण आपली पाल एकदा चुकचुकते आणि गप्प बसते. ही दर वीस मिनिटांनी सात-आठ वेळा ओरडत होती आणि सासूबाई एकही हाक वाया जाऊ देत नव्हत्या. पहाटेपर्यंत बराच नामजप झाला.

पहाट तिथे चारला होते, कोंबड्यांच्या मते. सहाला खांबावरचा भोंगा सुरू झाला. थायलंडच्या गावोगावी असे भोंगे आहेत आणि गावचे पाटील त्यावरून सकाळी गावाला बातम्या देतात: बैठक केव्हा आहे, डासांची धुरळणी कुठल्या गल्लीत आहे, कोण वारलं. आधी ढोलकी-बाजावालं एक गाणं, मग पाटील, मग पुन्हा गाणं. आठ वाजता राष्ट्रगीत. संध्याकाळी सहाला पुन्हा राष्ट्रगीत. यांच्या मधल्या वेळात पॉवर टिलर, कुत्र्यांची सरहद्दीवरून होणारी भांडणं आणि शेजारच्या वाडीत चाललेला कराओकेचा सराव. नवरा कानावर उशी दाबून म्हणाला, "अरे, यांना शांतता नकोय का?" मालकीणबाईंना शांतता नकोच होती. भोंगा बंद पडला असता तर त्यांना बैठकीची वेळ कशी कळणार? शांतता आम्ही मागत होतो, आणि आम्ही त्या गावातले सर्वांत बिनकामाचे लोक होतो.

पण देखावा खरा होता. हे सांगितलंच पाहिजे. फोटोतलं सगळं जागच्या जागी होतं: सज्जा, भात, डोंगर, डोंगराच्या कमरेला ढग. हा ऑगस्टचा महिमा. मालकीणबाईंनीच फोनवर वर्षभराचे फोटो दाखवले. नोव्हेंबरात पिवळं, मग कापणी, मग नुसती खुंटं, आणि मार्चमध्ये डोंगर जाळल्याच्या धुराने समोरचा डोंगरच दिसत नाही. तेव्हाही भाडं साधारण तेवढंच असतं आणि जाहिरातीत फोटो ऑगस्टचाच. जुलै-ऑगस्टमध्ये जायचं तर पाऊसही त्याच भाड्यात येतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये नान शहरात नदीचं पाणी शिरलं होतं. शहरात आम्ही नूडल्स खाल्ल्या त्या दुकानदाराने पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवलं. हात त्याच्या छातीच्या वर होता. आम्ही आमच्या खोलीचं जोतं मनातल्या मनात मोजलं.

तर देखावा खरा. अडचण एवढीच की तो वीस मिनिटांत बघून होतो. आपण कॉफी घेऊन बसतो, "वा!" म्हणतो, फोटो काढतो, पाठवतो, पुन्हा "वा!" म्हणतो. भात आपला तेवढाच असतो. त्याला वाढायला चार महिने लागतात आणि ते बघत बसण्याचे पैसे आपण दिलेले असतात. थाई लोक यात शहाणे. शनिवारी बँकॉक आणि चिआंग माईच्या गाड्या यायच्या, मुली टोप्या आणि लांब झगे घालून उतरायच्या, खाचरांवर बांधलेल्या बांबूच्या साकवावर तऱ्हेतऱ्हेने उभ्या राहायच्या, कॅफेत नारळाची कॉफी प्यायच्या आणि तासाभरात निघून जायच्या. मुक्काम करणारे आम्हीच.

पुआत एक देऊळ आहे, त्याचं नाव वाट फुकेत. त्या बेटाशी त्याचा काही संबंध नाही. टेकडीवर आहे आणि मागच्या गच्चीतून खाली सगळी भातशेती दिसते. गच्चीतून नळीत माशांचं खाद्य सोडायचं, ते खाली पाण्यात पडतं आणि मासे उड्या मारतात. नवऱ्याने तिथला फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर 'फुकेत' एवढंच लिहून टाकला. "समुद्र कुठाय?" म्हणून आत्तेने विचारलं. "ओहोटी आहे," त्याने कळवलं. प्रवासात त्याला झालेला पहिला निखळ आनंद हा.

खाण्याकडे वळण्याआधी दीर्घ श्वास घ्यायला हवा, पण नाकाने नको. फिश सॉस उघडा असतो. थाई स्वयंपाकात तो मिठाच्या जागी पडतो, म्हणजे सगळ्यात पडतो, आणि भाजी तर भाजी, असं समजून शाकाहारी माणसाच्या पानात हसतमुखाने वाढला जातो. सासूबाई श्रावण पाळतात. मासे-मटण नाहीच, कांदा-लसूणही नाही. पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर 'भाजी' आली तिच्यात सुकट होती. इतर अकरा महिन्यांत सासूबाई सुकट कशी खातात हे मी पाहिलंय, त्यामुळे ताट बाजूला सारताना त्यांच्या मनात काय झालं असेल याची मला कल्पना आहे.

मग मला थायलंडचा एक शब्द आठवला: 'जे'. तिथल्या चिनी वळणाच्या कडक शाकाहाराला म्हणतात. मांस, मासे, अंडी, दूध नाही, आणि कांदा-लसूणसुद्धा नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं असलेल्या दुकानात हे जेवण मिळतं. मी सासूबाईंकडे बोट दाखवून "जे" म्हटलं आणि मालकीणबाईंचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी हात जोडले. आपल्या आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तिथे भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो. तीन महिने ते एकाच विहारात राहतात, आणि संसारी लोकही या काळासाठी काहीतरी सोडतात. बहुतेक करून दारू. मालकीणबाईंच्या यजमानांनीही सोडली होती आणि ते व्हरांड्यात अतिशय दुःखी चेहऱ्याने सोडा पीत बसायचे. सासूबाईंना हा चातुर्मास फार पसंत पडला. इतका, की त्यांनी मुलाकडे वळून एक वाक्य म्हटलं, जे इथे देत नाही. त्याने दुकानातून बिअर आणायचा बेत केला होता. पण दुपारी २ ते ५ या वेळात विक्रीला बंदी होती, आणि हा नेमका सव्वादोनला दुकानात पोचला. काउंटरवरच्या मुलीने घड्याळाकडे बोट दाखवलं. पाचला तो परत जाणार होता, पण तोवर आई आणि यजमान, दोघंही व्हरांड्यात बसलेले होते.

त्यानंतर सासूबाईंचं जेवण राजेशाही येऊ लागलं: सोया सॉसमध्ये परतलेला कलमीचा पाला, टोफू, भोपळा, बांबूच्या टोपलीत चिकट भात. आमच्यासाठी हिरव्या मिरच्या भाजून कुटलेला, उत्तरेतला प्रसिद्ध नाम प्रिक नुम. ठेचाच तो, फक्त तेल नाही आणि पाट्याऐवजी खल. सकाळी तांदळाची पेज. ही पेज नवऱ्याने आयुष्यभर 'आजाऱ्याचं खाणं' म्हणून नाकारली आहे. इथे ती निळ्या नक्षीच्या वाडग्यात, वर आल्याच्या काड्या घालून आली आणि त्याने दोनदा मागून घेतली. सासूबाई बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं फार लांबवर ऐकू येतं.

एकदाच प्रसंग बाका आला. एकादशीला आम्ही पुआच्या बाजारात होतो आणि सासूबाईंना एका टोपलीत पांढरेशुभ्र, पारदर्शक गोळे दिसले. वाफवलेले, केळीच्या पानावर मांडलेले. "ह्यो साबुदाणो मगे!" साबुदाणाच होता. कसाव्याच्या पिठाचा, कसाव्याच्या मालाची सर्वांत मोठी निर्यात करणारा देशच तो. आत शेंगदाण्याचा कूटही होता. सासूबाईंनी गहिवरून पैसे काढले. उपवासाचे वडे, वाफवलेले, परमुलखात! मी विक्रेतीला विचारलं, आत आणखी काय? तिने नाकावर बोट ठेवून ते वर उचललं आणि घुरघुर आवाज काढला. साबुदाण्याच्या गोळ्यात डुकराच्या मांसाचा खिमा भरायचा हा तिथला लाडका पदार्थ आहे. सासूबाईंनी पैसे परत बटव्यात ठेवले, बटवा कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "चला." संध्याकाळी मालकीणबाईंनी नारळाच्या दुधात शिजवलेली साबुदाण्याची खीर पाठवली तेव्हाही त्यांनी ती चमच्याने तळापर्यंत ढवळून बघितली.

त्याच रात्री स्वयंपाकघरातून एक वास आला आणि सासूबाई ताडकन उठल्या. "तिरफळां!" नानच्या डोंगरात माख्वेन होतं, आपल्या तिरफळाच्या कुळातलंच, तिथले लोक त्यात कोंबडी मुरवून तळतात. नानची खासियत आहे. आम्ही दोघं ती खात होतो आणि सासूबाई शेजारी बसून मूठभर सुकी माख्वेनं तळहातावर घेऊन हुंगत होत्या. मालकीणबाई बसल्या. मग दोघी बोलू लागल्या. एक मालवणीत, एक उत्तरेच्या थाईत, तासभर. मध्ये बांगड्याचं चित्र काढलं गेलं. कुणाला कुणाचं काय कळलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीचे टॉवेल न सांगता बदलले.

एक दिवस आम्ही बो क्लुआला गेलो. पुआहून १२५६ क्रमांकाचा रस्ता दोई फू खा राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरावरून पलीकडे उतरतो. वळणं इतकी की नवऱ्याने निसर्गाबद्दल बोलणं थांबवलं. पलीकडे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, डोंगराच्या कुशीत मिठाच्या विहिरी आहेत. जमिनीखाली सैंधवाचे थर, त्यातून झिरपलेलं खारं पाणी विहिरीत. बादलीने ते काढायचं, चुलाणावरच्या मोठ्या कढयांत लाकडं लावून आटवायचं, मीठ धरलं की झाऱ्याने उचलून वर टांगलेल्या बांबूच्या टोपलीत टाकायचं, म्हणजे राहिलेलं पाणी ठिबकत परत कढईत. शतकानुशतकं चाललंय. अंधारी झोपडी, धूर, गरम वाफ आणि एक बाई शांतपणे झारा चालवते आहे. सासूबाईंचं माहेर शिरोड्याचं, १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला त्या शिरोड्याचं. त्यांनी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि परीक्षा घेतल्यासारखी मान हलवली: "बरां आसा. पण आमच्या मिठाक दर्या लागता." असं म्हणून तीन किलो घेतलं.

परतताना १०८१ रस्त्यावर गाडी थांबली. तिथे रस्त्याचं एक वळण इंग्रजी तीनच्या आकड्यासारखं दिसतं आणि लोक लांबून येऊन त्याचा फोटो काढतात. भुईबावडा घाटात आयुष्य गेलेल्या सासूबाईंना वळणाचा फोटो काढतात हे पटेना. त्या गाडीतून उतरल्याच नाहीत.

आणि मग मेर फुटली. रात्रभर पाऊस, सकाळी नवरा सज्ज्यात बसून चिडचिडत भात बघत होता, आणि त्याला दिसलं की वरच्या खाचराचा बांध एका जागी खचलाय, पाणी खालच्या खाचरात धो-धो चाललंय आणि तरवा आडवा पडतोय. तो "अहो!" म्हणून ओरडला. कोणी नव्हतं, मालकीणबाई दुकानात, यजमान विहारात. सासूबाई मागून म्हणाल्या, "मेर फुटली मगे ती. बघतंस काय? खोरां घी!"

माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली. या माणसाला मी आजवर कुंडीत पाणी घालतानाही पाहिलेलं नाही. त्याने पँट गुडघ्याच्या वर दुमडली, पडवीतलं खोरं उचललं आणि चिखलात उतरला. आधी त्याने पाणी दुसरीकडे काढून दिलं, मग चिखलाचे गोळे उचलून बांधावर थापायला लागला, पायाने दाबायला लागला, आणि हे त्याला येत होतं. लहानपणी कोणीतरी हातात खोरं देऊन शिकवलं असणार. सासूबाई सज्ज्यातून हुकूम सोडत होत्या त्यावरून कोणी, हे कळत होतं. "थंय न्हय, भायर दी पाय!" शनिवार होता. साकवावरच्या टोप्यावाल्या मुलींना अस्सल शेतकरी मिळाला. त्यांनी त्याचे पुष्कळ फोटो काढले. त्यातल्या किमान एका फोटोखाली कुठल्या तरी थाई भिंतीवर आज माझ्या नवऱ्याचा 'नानचा कष्टकरी शेतकरी' म्हणून उल्लेख असेल, याची मला खात्री आहे. जिराफसुद्धा मागे आला असेल.

मालकीणबाई आल्या, बांध बघितला, पायाने दाबून बघितला आणि एक जागा परत बांधायला लावली.

पुढचे दोन दिवस त्याची कंबर धरलेली होती आणि ती लाकडी गादी त्याला फार मानवली. बिल आलं, हाताने लिहिलेलं, तारखेत साल २५६८. थाई बौद्ध सन आपल्यापेक्षा ५४३ वर्षं पुढे असतो. मजुरीची वजावट कुठे दिसली नाही. उलट एक चिखलाची पँट धुतल्याचे ३० बाट होते. नवऱ्याने ते वाचलं, दिले आणि पुढच्या वर्षीच्या जुलैचा दर काय असेल ते विचारलं. लावणीच्या वेळचा.

"लावणीक?" सासूबाई म्हणाल्या. "आणि आमच्या कुणग्यांचा काय?"

"तिथे लाइट जाते, आई."

नानचा विमानतळ लहान. तपासणीच्या यंत्रातून आमच्या पिशव्या गेल्या आणि तीन किलो पांढरी पूड पडद्यावर दिसली. थायलंडमध्ये पांढरी पूड घेऊन उभं राहायची ही जागा नव्हे. तरुण अधिकारी बाईने पिशवी उघडली, पुडकं बाहेर काढलं, त्यावरचं नाव वाचलं आणि हसली. नानचीच असावी. तिने पुडकं वर धरून, केवढ्याला घेतलं, असं खुणेने विचारलं. सासूबाईंनी बोटांनी सांगितलं. अधिकारी बाईने शेजारच्या सहकाऱ्याला सांगितलं, त्याने त्याच्या शेजारच्याला, आणि तिघांनीही अतिशय हळहळून माना हलवल्या. मग तिने बोटांनी खरा भाव दाखवला. निम्मा होता.

सासूबाईंनी पुडकं तिच्या हातातून घेतलं, पिशवीत कोंबलं आणि मला म्हणाल्या, "तिका सांग, शिरोड्याक ये म्हणान. फुकट देतंय."